कडेची एकशे बेचाळीस माणसं

‘हत्तीचं बारसं’ हा सिनेमा घरी बघायला आणला तेव्हा त्याच्या दोन्ही कडांची मिळून एकशे बेचाळीस माणसं चौकटीत मावली नाहीत, आणि ती मोहोळकरांच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या डाव्या-उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. त्यांच्याबरोबर हत्तीच्या पिल्लाचा मागचा अर्धा भागही आला. सांगलीतल्या मनोरथ गृहनिर्माण संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर ही गोष्ट घडली.

सिनेमा तेहतीस वर्षांपूर्वीचा. निर्मात्यानं पैसा पाण्यासारखा ओतला होता. चारशे पाहुणे, तीन बँडपथकं, वडाच्या फांदीला टांगलेला चौदा फुटी पाळणा आणि त्यात संस्थानच्या हत्तिणीचं पिल्लू. पडदा इतका लांबरुंद होता, की डावीकडचा विनोद बघावा तर उजवीकडचा हुकायचा, म्हणून लोक दोनदा तिकीट काढायचे. त्याची चकती आता बाजारात आली होती. रघुवीर मोहोळकरांनी ती लावली तेव्हा सुरुवातीला चित्राच्या वर आणि खाली काळ्या पट्ट्या आल्या. एवढा मोठा टीव्ही घेऊन अर्ध्या काचेवर डांबर कशाला बघायचं, असं म्हणून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवलेल्या रिमोटची बटणं पिशवीवरूनच दाबली. पट्ट्या गेल्या. चित्र काचभर झालं आणि माणसं बाहेर आली.

आली तीही अगदी रीतीनं. डावीकडची डावीकडून, उजवीकडची उजवीकडून. सिनेमात जेवढ्या दाटीनं उभी होती तेवढ्याच दाटीनं ती दिवाणखान्यात उभी राहिली, त्यामुळे डावी रांग स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि उजवी गॅलरीत वळली. कुणी कुणाला ढकललं नाही. पाळण्यापासून आपण किती पावलांवर, एवढंच प्रत्येकाला ठाऊक होतं आणि तेवढं अंतर त्यांनी टीव्हीपासून राखलं.

मोहोळकरांच्या पत्नी, इंदुमतीबाई, बडीशेपेची डबी घेऊन बाहेर आल्या आणि डाव्या रांगेत तिसऱ्या माणसापाशी थांबल्या. डोक्यावर लाल पगडी, नाकावर उतरलेला चष्मा, हातात सोनाराची लाकडी पेटी.

“नाना?” त्या म्हणाल्या.

“इंदे, केवढी झालीस ग.”

“चौपन्नची.”

“मी पन्नासचा,” नाना म्हणाले. त्याबद्दल दोघांत काही वाद झाला नाही.

नाना काशीकर हे इंदुमतीबाईंचे वडील. आयुष्यभर नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीचे कारकून होते. चित्रपटवाले गावात आले तेव्हा पंधरा दिवसांची रजा काढून त्यांनी एकदाच तोंडाला रंग लावला होता. ते वारल्याचं त्यांना सांगावं की नाही, यावर इंदुमतीबाईंनी संध्याकाळपर्यंत विचार केला आणि मग सांगून टाकलं. नानांनी कधी ते विचारलं. एक्याण्णव साली, त्या म्हणाल्या.

“नोंद केलीत?”

“तिसऱ्या दिवशी.”

“मग मुदतीत आहे,” नाना म्हणाले आणि त्यांनी तो विषय मिटवला. मग त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट करून हे गृहस्थ कोण, असं विचारलं. तुमचे जावई, वार्ताहर होते, असं कळल्यावर त्यांनी नमस्कार केला. त्यांच्या लेखी चित्रीकरण अजून चालूच होतं, म्हणून त्यांनी मोठ्या उत्सुकतेनं पुढं विचारलं, “आमच्या सिनेमावर काही लिहिणार आहात का, जावईबापू?”

मोहोळकरांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

आता मोहोळकरांबद्दल. ‘दैनिक कृष्णातीर’मध्ये त्यांनी अडतीस वर्षं बातमीदारी केली होती. पाण्याच्या टाकीला गेलेले तडे त्यांनी बाहेर काढले, तेव्हा तीन ठेकेदार त्यांना शोधत कचेरीत आले होते, आणि मोहोळकर दारातच उभे होते. अडतीस वर्षांत त्यांनी एकही खुलासा छापला नव्हता. ज्यांच्याविषयी लिहिलं ते लोक खुलासे पाठवायचे. मोहोळकर ते वाचून टेबलाच्या खालच्या खणात टाकायचे. निवृत्तीच्या दिवशी तो खण उघडायला दोन शिपाई लागले. माझी बातमी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं ते म्हणत, आणि ज्यांना ते पटत नसे त्यांना ते पुन्हा म्हणून दाखवत.

तेव्हा दिवाणखान्यातली माणसं बघून ते घाबरले नाहीत, चिडले. एकशे बेचाळीस माणसं सिनेमातून कापली, याला जबाबदार कोण? त्यांनी चकतीची डबी उघडली. आत ‘कौतुक होम व्हिडिओ’ नावाच्या कंपनीचं पत्रक होतं. त्यात बारीक अक्षरांत छापलं होतं, की पंधरा दिवसांत तक्रार येऊन तिचा निकाल न लागल्यास कडेला राहिलेली माणसं प्रेक्षकानं कायमची स्वीकारली असं समजण्यात येईल आणि चित्रपटातली त्यांची जागा भिंतीनं भरून घेण्यात येईल. मोहोळकरांनी त्याच रात्री पहिलं पत्र लिहिलं.

मधले दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगतो. माणसांना खायला-प्यायला फारसं लागत नव्हतं. सिनेमात त्यांची जेवणं झालेली होती. हत्तीचा पुढचा अर्धा भाग चित्रात असल्यामुळे त्याला चारा घालण्याचा प्रश्न नव्हता. मागचा अर्धा भाग घरात असल्यामुळे दुसरा प्रश्न मात्र होता, आणि तो रोज सकाळी घमेल्यानं सोडवला जाई. आठव्या दिवशी संस्थेचे सचिव ठिगळे वही घेऊन आले. सात दिवसांवर राहणाऱ्या पाहुण्यांची नोंद करावी लागते, ते म्हणाले. त्यांनी दारापासून गॅलरीपर्यंत सगळ्यांची नावं लिहून घेतली. हत्तीपाशी ते बराच वेळ उभे राहिले. अर्ध्या प्राण्याबद्दल उपविधींत तरतूद नव्हती. शेवटी त्यांनी ‘पाळीव, अर्धा’ असं लिहून सही घेतली आणि जिन्यात बँड वाजवू नये अशी तोंडी सूचना दिली. बँडवाल्यांनी ती पाळली.

सिनेमा रोज एकदा लागे. चौकटीच्या आत उरलेली माणसं आपापलं काम करत होती, पण त्यात राम नव्हता. बारशाच्या प्रसंगात बायका पिल्लाला पाळण्याच्या खालून-वरून द्यायच्या खटपटीत पडतात, तेवढ्यात आत्याबाई डावीकडे बघतात आणि पोट धरून हसतात. सगळे पाहुणे डावीकडे बघून हसतात. डावीकडे टीव्हीची कड होती.

त्या कडेबाहेर, तीन पावलांवर, नाना आपलं काम करत. पेटी उघडून ते सोन्याची बारीक तार काढत, चिमटीत धरत, तारेकडे बघत आणि मग जिथं हत्तीचा कान असायला हवा तिथं बघत. कान काचेच्या आत राहिला होता, इथं शोकेस होतं. नाना थोडा वेळ थांबत आणि तार पेटीत ठेवून देत. समोर कान नसताना ते बघणाऱ्याला नुसता एक म्हातारा काहीतरी विसरल्यासारखा वाटे.

नवव्या दिवशी इंदुमतीबाईंनी दिवाणखान्यात आणखी एक गादी घातली. स्वयंपाकघरात त्यांनी नवऱ्याला सांगितलं, की कंपनीला पत्रं पाठवून पाठवून तुमचं बोट दुखायला लागलंय, आता पुरे. पंधरा दिवस होऊन जाऊ देत. बाकीच्यांची काहीतरी सोय लागेल. नाना राहतील. अठरा वर्षांनी वडील घरी आलेत आणि तुम्ही त्यांना घालवायला निघालात.

त्या हे हळू आवाजात बोलल्या, पण डावी रांग स्वयंपाकघरापर्यंत असल्यानं ती गोष्ट कर्णोपकर्णी तिसऱ्या माणसापर्यंत पोचली. नानांनी लेकीला हाक मारली. त्यांनी तिच्या हातातून पाण्याचं फुलपात्र घेतलं, स्टीलचं, काठाला नाव घातलेलं, आणि ते हातात धरून बोलले.

“इंदे, मी तुझ्याकडे राहीन ग. चहा घेईन, पेपर वाचीन. पण ते कामातून गेल्यावर. माझं काम अजून व्हायचंय.”

“किती वेळाचं आहे, नाना?”

“अकरा सेकंद. माझ्या हातून साऱ्या गावाच्या जन्मांच्या नि मरणांच्या नोंदी झाल्या, बाळ, आणि त्या कचेरीत येऊन कुणी हसलं नाही. इथं चारशे माणसं हसायची आहेत. मला भिंत करू नकोस.”

त्या संध्याकाळी इंदुमतीबाईंनीच पाचव्या पत्राला तिकीट लावलं.

चौदाव्या दिवशी मोहोळकर एसटीनं कोल्हापूरला गेले. पत्रांना उत्तर येत नाही तिथं स्वतः जाऊन उभं राहायचं, ही त्यांची जुनी पद्धत. कंपनीची कचेरी शाहूपुरीत एका पिठाच्या गिरणीच्या वर होती. तिथल्या तक्रार अधिकारी गोडांबेबाई पन्नाशीच्या, शांत, टेबलावर थर्मास ठेवून बसलेल्या. मोहोळकरांनी उभ्यानंच सुरुवात केली. एकशे बेचाळीस माणसं आणि अर्धं जनावर कापून विकणं ही प्रेक्षकांची फसवणूक आहे, आणि आपण ती तडीस नेल्याशिवाय इथून हलणार नाही. बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, मग त्यांची फाइल काढली.

चकतीवर सिनेमा पूर्ण आहे, त्या म्हणाल्या. पूर्ण रुंदीचा सिनेमा चौकोनी काचेवर बसवायचा तर वर-खाली पट्ट्या येणारच. त्या पट्ट्यांमुळेच कडेच्या माणसांना जागा मिळते. “पट्ट्या तुमच्या घरून नाकारल्या गेल्यात. पहिल्या रविवारी, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी.”

मोहोळकर बसले.

त्यांनी विचारलं, की मग पुन्हा बटण दाबलं की झालं? एरवी झालं असतं, बाई म्हणाल्या. नजरचुकीनं पट्ट्या घालवणारे पुष्कळ असतात, त्यांची माणसं बटणानं परत जातात. तुमच्या बाबतीत आधीची लेखी शिफारस आहे. असं म्हणून त्यांनी फाइलमधलं एक पिवळं कात्रण फिरवून त्यांच्यासमोर धरलं. ‘दैनिक कृष्णातीर’, पान चार, खाली ‘र. मो.’ अशी अक्षरं. एक वाक्य लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलेलं होतं: ‘पडद्याच्या दोन्ही कडांना माणसं उगाच उभी केलेली असून ती काढून टाकली तरी चित्रपटाचं काहीएक बिघडणार नाही.’

“त्यामुळे ही नजरचूक धरता येत नाही,” गोडांबेबाई म्हणाल्या. “अंमलबजावणी धरावी लागते.”

“उपाय काय?”

“खुलासा. तुमच्या हातचा. कडेच्या माणसांसमोर मोठ्यानं वाचायचा, त्यांना मान्य झाला तर सही करायची आणि मग बटण दाबायचं. एक प्रत आमच्याकडे. उद्या संध्याकाळी सहाला मुदत संपते. चहा घेणार?”

मोहोळकरांनी चहा घेतला नाही. परतीच्या एसटीत त्यांनी खिडकीकडची जागा मिळूनही बाहेर बघितलं नाही. अडतीस वर्षांत ठेकेदार, आमदार, दोन साखर कारखाने आणि एक कुलगुरू यांच्यापैकी कुणालाही जे जमलं नव्हतं, ते एका हत्तीच्या पिल्लाच्या अर्ध्या भागानं करून दाखवलं होतं. जयसिंगपूर येईपर्यंत ते कंपनीवर चिडलेले होते. अंकली आल्यावर चिडायला दुसरं कुणी उरलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी सगळं बायकोला सांगितलं आणि ‘र. मो.’ म्हणजे आपणच, हेही सांगितलं. तीस वर्षांच्या संसारात ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. इंदुमतीबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “मला ठाऊक आहे.”

“कसं?”

“कात्रण नानांच्या घरच्या ट्रंकेत होतं. तुमचं स्थळ आलं तेव्हा आई नको म्हणत होती. नाना म्हणाले, मुलगा स्पष्ट लिहितो, खोटं बोलायचा नाही.”

मोहोळकर पलीकडच्या खोलीत जाऊन टेबलापाशी बसले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी सात कागद फाडले. पहिल्या खुलाशात त्यांनी कंपनीवरच पलटवार केला होता. दुसऱ्यात छपाईची चूक दाखवली होती. तिसऱ्यात ‘असा काहींचा गैरसमज झाला असल्यास’ हे शब्द होते. असे खुलासे त्यांनी स्वतः खालच्या खणात टाकलेले होते, म्हणून तोही फाडला. साडेपाचला ते आठवा कागद घेऊन दिवाणखान्यात आले, टीव्हीसमोर उभे राहिले आणि डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा बघून त्यांनी वाचलं. अमुक तारखेच्या अंकात आमच्या प्रतिनिधीनं असं असं लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. कडेची माणसं उगाच उभी नव्हती. प्रतिनिधी दिलगीर आहे.

उजव्या रांगेत मान्यतेची कुजबुज झाली. बँडवाले राजी होते. डाव्या रांगेत नानांनी हात वर केला.

“जावईबापू, एक विचारतो. राग मानू नका.”

“विचारा.”

“बारसं बघितलं होतंत का तुम्ही?”

मोहोळकरांनी कागदाची घडी घातली, उलगडली. जो प्रश्न तेहतीस वर्षांत त्यांना कुणी विचारला नव्हता, तोच नेमका समोर आला होता आणि विचारणारा माणूस मृत्यूच्या नोंदीलाही तारीख मागणारा होता.

“नाही,” ते म्हणाले. “बारसं मध्यंतरानंतर आहे. मी मध्यंतरात उठून आलो. अंक लवकर सुटायचा होता.”

“मग तेही लिहा. नोंद अपुरी राहू नये.”

मोहोळकरांनी खिशातलं पेन काढलं आणि दिलगिरीच्या आधी एक ओळ घातली: ‘प्रतिनिधी मध्यंतरात उठून गेला होता, जे बघितलं नाही त्याविषयी त्यानं लिहिलं.’ त्यांनी ती मोठ्यानं वाचली. वाचताना आवाज चढला, कारण त्यांचा आवाज नेहमीच चढे, पण या वेळी समोर चढून जाण्यासारखं कुणी नव्हतं. नानांनी मान हलवली. डावी रांग राजी झाली. मोहोळकरांनी सही केली, तारीख घातली, वेळ घातली.

सहाला दहा मिनिटं कमी होती. त्यांनी रिमोटचं रबर काढलं, मग प्लास्टिकची पिशवीही काढली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बटणांवरची अक्षरं नीट वाचून बटण दाबलं.

पट्ट्या आल्या, एक वर, एक खाली, हळूहळू, दुकानाची शटरं अर्धी ओढल्यासारख्या. चित्र आक्रसलं आणि दोन्ही बाजूंना जागा झाली. माणसं आली तशीच रीतीनं निघाली. उजवी रांग गॅलरीतून सरकत आत गेली, बँड गेला. हत्तीच्या मागच्या अर्ध्या भागानं एक पाऊल टाकलं आणि पिल्लू पुरं झालं. नाना इंदुमतीबाईंपाशी थांबले. “येतो,” ते म्हणाले. इंदुमतीबाईंनी वाकून नमस्कार केला; चौपन्न वर्षांच्या बाईनं पन्नास वर्षांच्या माणसाला करावा तसा. नाना पेटी सावरत गेले.

मग दोघं सोफ्यावर बसली आणि मोहोळकरांनी सिनेमा सुरुवातीपासून लावला. मध्यंतराला ते उठले नाहीत. बारसं आलं. बायका पिल्लाला पाळण्याखालून द्यायला बघत होत्या. आत्याबाई डावीकडे वळल्या आणि या खेपेला डावीकडे नाना होते. त्यांनी पेटी उघडली, केसासारखी बारीक तार चिमटीत धरली, तारेकडे बघितलं, मग सुपाएवढ्या हलणाऱ्या कानाकडे बघितलं. बराच वेळ त्यांनी दोन्हींचा हिशोब केला. मग तार परत पेटीत ठेवली, पेटीला कडी घातली आणि खाली बसून शांतपणे पाणी प्यायले. अकरा सेकंद. चारशे माणसं हसली. इंदुमतीबाईंनी पदर तोंडाला लावला. मोहोळकर इतक्या मोठ्यानं हसले, की खालून ठिगळ्यांनी छताला काठी लावली. मोहोळकरांनी तो प्रसंग मागं नेऊन पुन्हा बघितला, या वेळी उजवी बाजू.

आठ दिवसांनी कोल्हापूरहून पाकीट आलं. गोडांबेबाईंनी लिहिलं होतं, की खुलासा प्राप्त झाला, प्रकरण बंद करण्यात आलं. मात्र गेल्या रविवारपासून सदर चित्रपटाच्या सर्व प्रतींमध्ये, बारशाच्या प्रसंगात, सोनाराचं काम करणारी व्यक्ती पूर्वीच्या पितळी पेल्याऐवजी स्टीलच्या फुलपात्रातून पाणी पिताना आढळते. फुलपात्राच्या काठावर ‘चि. सौ. कां. इंदुमतीस, नानांकडून, १९७९’ असं कोरलेलं असून चित्रीकरण १९७६ चं आहे. तरी याबाबत उलट टपाली खुलासा करावा.

मोहोळकरांनी स्वयंपाकघरात जाऊन फुलपात्रं मोजली. सहापैकी पाच होती. मग ते टेबलापाशी बसले आणि एकही कागद न फाडता त्यांनी आयुष्यातला दुसरा खुलासा लिहिला.

‘फुलपात्र आमचं आहे. परत नको.’